खजुरीचा होकार हळ्ळीखेडकरांनी जिंकिला त्याची हकीकत

श्रीबसवण्णा समर्थ. हळ्ळीखेड (बी) येथील कापडदुकानाचे धनी, राजमान्य राजश्री शंकरप्पा, यांची इंजिनिअर कन्या सौभाग्यकांक्षिणी सुधारानी हिने कृत्रिम बुद्धीची फौज घेऊन खजुरीकरांचा होकार कैसा हस्तगत केला, ते सविस्तर लिहितो. श्रोत्यांनी मध्ये बोलू नये.

खजुरीचे मातबर चनमल्लप्पा, त्यांचे कुटुंब नागरत्ना आणि चिरंजीव प्रशांतकुमार ऐसे मुलगी पाहावयास दुकानावरल्या घरी दाखल जाहले. आघाडीस उप्पीट आणि पिछाडीस चहा ऐसा सरंजाम मांडिला. सुधारानीचे कलबुर्गीचे मामा पाठदुखीने जागचे हलेनात, त्यांस ऐकवावे म्हणोन उभयपक्षांच्या राजीखुशीने सारी मसलत फोनात भरून घेतली. मग मराठीत आरंभ, कन्नडात मध्य आणि दखनीत थट्टामस्करी होऊन अवघी दुपार लोटली, आणि लग्नाविषयी एकानेही अवाक्षर काढिले नाही. शेवटी "कळवतो" म्हणोन खजुरीकर कूच करते जाहले.

सुधारानीची अवस्था काय वर्णावी! प्रशांतकुमारांनी आपला कप कोणी न सांगता मोरीवर नेऊन विसळिला, ते पाहोन तिचे मन तत्क्षणी रुजू जाहले होते. नंबर मागावा, तर दोघेही शिकलेले, म्हणोन दोघेही लाजले. पुढे दिवसांमागून दिवस गेले, आणि खजुरीहून खलिता नाही, जासूद नाही, व्हॉट्सॲपवर सुप्रभातसुद्धा नाही. तेव्हा शंकरप्पा कोपले.

"त्या बाईनं आल्यापासून नावंच ठेवली. जिना उभा हाय, पोरगी वाळलीय, उप्पिटात मीठ न्हाई. तू कामून वाट बघायलीस? नकार हाय त्यो!"

आणि फर्मान सोडिले की येत्या रविवारी जनवाड्याचे स्थळ बोलवावे.

मग सुधारानीने लॅपटॉप उघडिला. त्यात मुक्तस्रोत, म्हणजे ओपन सोर्स, म्हणोन कृत्रिम बुद्धीचे एक हत्यार होते, ज्यास दाम नाही, मालक नाही, आणि ज्याची कळ कोणीही फिरवावी. त्यात प्रॉम्प्ट, म्हणजे बुद्धीस द्यावयाचे हुकूम, तयार लिहिलेले असतात. लांबलचक मजकूर ओतावा आणि अर्क घ्यावा. तिने रेकॉर्डिंगचा लेखी मजकूर करविला आणि "बोध काढ" या हुकमाने पहिली स्वारी केली. बुद्धीने मोठ्या गांभीर्याने कळविले की तूर वेळेवर पेरावी, गुडघ्यास एरंडेल चोळावे आणि हल्लीचे जावई टोपी घालीत नाहीत. मग "निर्णय काढ" ऐसी दुसरी स्वारी केली. उत्तर आले: निर्णय नाही, पाहुण्या बाई नाराज, घरच्या बाई प्रसन्न. फौज हात हालवीत माघारी आली. बुद्धी पडली परमुलुखाची. तिची भाबडी समजूत, की माणसे मनातले तोंडाने बोलतात.

परंतु मुक्त हत्याराचा हुकूम आपल्या हाते बदलिता येतो. सुधारानी बाळपणापासून दुकानाच्या गादीवर बसलेली. जे गिऱ्हाईक "काय सुरेख साडी" म्हणते ते पाणी पिऊन चालते होते, आणि जे काठ ओढून पदराला नावे ठेवते तेच पिशवी मागते, हे तिने शंभरदा पाहिले होते. तेव्हा जुना हुकूम खोडून तिने नवा लिहिला: या मुलखात तारीफ म्हणजे नकार जाणावा, आणि खोड काढिली म्हणजे आपले मानिले ऐसे जाणावे; या रिवाजाने दोन्ही पक्षांचे मन सांगावे.

अर्क उतरला. नागरत्नाबाईंनी जिन्यास, मिठास आणि मुलीच्या अंगकाठीस नावे ठेविली, सबब पक्का होकार. सुधारानी हर्षाने उठली, आणि खालील ओळ वाचोन मटकन बसली. तिच्या मातुश्री, वज्रचुडेमंडित पार्वतम्मा, यांनी अवघी दुपार "पोरगं सोन्यावाणी, तुम्ही देवमाणसं, आमची कुठं तेवढी लायकी" ऐसा तारिफेचा तोफखाना चालविला होता, सबब हळ्ळीखेडकरांचा साफ नकार. म्हणजे नकार मिळाला ऐसे समजोन खजुरीकरच खजुरीत रुसून बसले होते!

मग सुधारानीने मातुश्रींस हुकूम केला की याच घडीस खजुरीस फोन लावोन पोरास नावे ठेवावी.

पार्वतम्मांनी कानांवर हात ठेविले. "अगं, पाव्हण्याला नावं? जीभ झडंल माझी!"

"माझ्या भावांना ठेवतीस की," शंकरप्पा वदले.

"अव्वा, मला तिथंच जायचंय," कन्या म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. त्यापुढे मातुश्रींचा इलाज चालेना.

फोन लागला. नागरत्नाबाईंनी तुटक आवाजात "बोला" म्हटले. पार्वतम्मांनी डोळे मिटोन वार केला.

"काय हो अक्का, तुमचं पोरगं कसं वाकून चालतंय! आणि तसल्या झिजल्या चपला घालून पोरगी बघायला येत्यात व्हय?"

शंकरप्पांनी कपाळास हात लाविला. मग खजुरीहून ऐसी गर्जना उठली की खाली दुकानातील गिऱ्हाईक दचकले.

"अहो विहीणबाई! मग त्या दिवशी कामून एवढं गोड बोलायलात? पोरगं हितं जेवंना झालंय!"

ऐसी फत्ते जाहली. शंकरप्पांनी जनवाडकरांस फोन करोन त्यांच्या पोराची मनसोक्त तारीफ केली, आणि ते काय ते समजले. उभय विहिणी दिवेलागणीपर्यंत एकमेकींच्या घरादारास नावे ठेवीत बसल्या, आणि सौभाग्यकांक्षिणी दाराशी उभी राहोन एकेक खोड ऐकत सुखाने रडत होती. येणेप्रमाणे खजुरीचा होकार हळ्ळीखेडच्या दप्तरी रुजू जाहला.