विष्णुपंत आगटे आणि राजघराण्यातील जन्म

इंग्लंडच्या राजघराण्यात मूल जन्माला येणार अशी बातमी आली की विष्णुपंत आगटे इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालतात, खिशाला दोन पेने लावतात आणि टीव्हीसमोर लाकडी खुर्चीत बसतात. सोफ्यावर बसत नाहीत. सोफ्यावर बसून नोंद होत नाही, असे त्यांचे मत आहे.

मांडीवर एक लांबट वही असते. तिच्यात त्यांनी स्वतः पट्टीने रकाने आखले आहेत : जन्माची तारीख, वेळ, ठिकाण, मुलगा की मुलगी, वजन, आईचे नाव, वडिलांचे नाव. शेवटचा रकाना माहिती देणाऱ्याच्या नावाचा. त्यात ते चॅनलचे नाव लिहितात आणि पुढे आपला शेरा मारतात. 'अविश्वसनीय' हा शेरा सर्वाधिक वेळा आढळतो.

विष्णुपंत सातारा जिल्ह्यातील एका नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीचे कारकून होते. सगळी नोकरी त्यांनी त्या एका टेबलावर काढली. निवृत्तीनंतर पत्नी वारली आणि ते मुलाकडे, नितीनकडे, ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला आले. मी निवृत्त मुख्याध्यापक. माझा मुलगा त्याच रस्त्यावर राहतो. या रस्त्यावर मराठी बोलणारे म्हातारे आम्ही दोघेच. त्यामुळे आमची मैत्री झाली असे घरचे म्हणतात. मला दुसरा पर्याय नव्हता, एवढेच मी म्हणेन.

कोणतीही बातमी सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "माहिती देणारा कोण?" एकदा मी म्हणालो, आज समुद्रात देवमासे दिसले.

"माहिती देणारा कोण?"

"मीच. डोळ्यांनी पाहिले."

"मग हरकत नाही. किती वाजता, सर?"

राजाराणीचे त्यांना कौतुक आहे असे कोणी समजू नये. जगातली एवढी गाजलेली जन्मनोंद, आणि ती इतक्या गचाळपणे व्हावी, हे त्यांना सहन होत नाही. मी त्यांच्याबरोबर हे कार्यक्रम पाहिले आहेत. एक वार्ताहर बंद दारासमोर उभा असतो. तो सांगतो की दार बंद आहे. मग स्टुडिओतील बाई त्याला विचारते की दार अजून बंद आहे का. तो मागे वळून पाहतो आणि बंद असल्याची खात्री देतो. खाली लाल पट्टीवर 'ताजी बातमी' असे सरकत राहते. मधल्या वेळात एक सुईण येते, राजघराण्याचा एक जाणकार येतो, बाळाच्या नावावर पैजा घेणारा एक गृहस्थ येतो. मेलबर्नच्या रस्त्यावर कोणाला तरी विचारतात की तुम्हाला काय वाटते. त्याला काही वाटत नसते, पण तो बोलतो.

"हा चार तास उभा आहे," विष्णुपंत वार्ताहराकडे पेन रोखून म्हणतात. "रकाना एक तरी भरला का?"

त्यांना एकच निवेदक पसंत होता. त्याने बाळाचा जन्म, वेळ आणि वजन एका वाक्यात सांगितले आणि तो गव्हाच्या पिकाकडे वळला. "हा माणूस आमच्या नगरपालिकेत चालला असता," असे विष्णुपंत म्हणाले. याहून मोठी स्तुती मी त्यांच्या तोंडून ऐकलेली नाही.

मात्र चार वर्षांपूर्वी, मागच्या राजजन्माच्या वेळी, त्यांच्याकडूनच मोठी चूक झाली. एका चॅनलने लाल पट्टीवर मुलगा झाल्याचे दिले. विष्णुपंतांनी नोंद केली आणि पेढ्यांचा डबा घेऊन ते बाहेर पडले. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. नोंद पूर्ण झाली की ती वाटायची, ही त्यांच्या कचेरीतली रीत. रस्त्यावरच्या सात घरी पेढे देऊन ते परतले, तेव्हा पट्टी नाहीशी झाली होती. थोड्याच वेळात राजवाड्याने जाहीर केले : मुलगी.

दुसऱ्या दिवशी ते ट्रेनने सिडनीला, तिथून गाडी बदलून भारतीय दुकानांच्या हॅरिस पार्कला गेले आणि बर्फी घेऊन आले. पुन्हा सात घरी जाऊन त्यांनी "करेक्शन" एवढाच इंग्रजी शब्द उच्चारला आणि बर्फी दिली. शेजारच्या रोझाबाई, इटलीच्या आहेत, त्यांनी विचारले की आणखी एखादी दुरुस्ती व्हायची शक्यता आहे का. विष्णुपंतांना त्यात विनोद दिसला नाही. वहीतला 'मुलगा' हा शब्द त्यांनी तांबड्या शाईने एका रेघेत खोडला, बाजूला सही केली आणि तीन दिवस फिरायला आले नाहीत.

पुढच्या वर्षी जे घडले त्याची मात्र दुरुस्ती झाली नाही. त्यांची मुलगी मेधा इथल्याच, पण दूरच्या टूवूंबा शहरात विद्यापीठात शिकवते. तिला पहिली मुलगी झाली. बाळंतपण अवघड गेले होते. तरी तिने रुग्णालयातून स्वतः वडिलांना फोन केला. विष्णुपंतांनी वही उघडली. वेळ विचारली. वजन विचारले. रुग्णालयाच्या कागदावर नाव बरोबर लिहिले का, हे विचारले. माहिती देणारा म्हणून कोणाचे नाव दिले, हेही विचारले. तिने सगळी उत्तरे दिली.

शेवटी ती म्हणाली, "बाबा, मीही तिथेच होते." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून तीन वर्षे ती भावाशी बोलते, वडिलांशी नाही. हे विष्णुपंतांनी मला दीपगृहाजवळच्या बाकावर, समुद्राकडे पाहत, एकदाच सांगितले. मी म्हणालो, तुम्हीच फोन करा.

"काय म्हणून करू, सर? ती कशी आहे, हे तेव्हा विचारायचं होतं."

यंदा राजघराण्यात पुन्हा बाळाची वाट पाहिली जाऊ लागली आणि त्याच दिवसांत मेधाचेही दिवस भरत आले. पहिल्या गोष्टीवर विष्णुपंत अखंड बोलत. दुसरीविषयी नितीनकडून कळले तेवढेच त्यांना माहीत होते. या वेळी ते आधीच हॅरिस पार्कला गेले आणि पेढे व बर्फी असे दोन डबे घेऊन आले. राजवाड्यासाठी, असे त्यांनी आपणहून सांगितले. मी विचारले नव्हते.

त्या दिवशी चहाच्या वेळी मी त्यांच्याकडे गेलो. लंडनमध्ये सकाळ उजाडत होती आणि दार बंद होते. विष्णुपंत शर्ट घालून खुर्चीत होते. वही मांडीवर होती. एक गोष्ट नवी होती : एरवी स्वयंपाकघरातल्या फळीवर पडून राहणारा त्यांचा मोबाइल खुर्चीच्या हातावर ठेवलेला होता.

नितीनची बायको स्वाती चहा घेऊन आली. "काका, मेधाताईला सकाळीच ॲडमिट केलंय," ती मला हळू आवाजात म्हणाली. "बाबा विचारत नाहीत, पण सारखे किचनमध्ये येऊन जातात. आज चार वेळा साखर मागून नेलीय."

"नितीन कुठे आहे?"

"शिफ्टला. त्याला मेसेज येईलच."

ती गेल्यावर विष्णुपंत टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले, "नितीनला कळवतील. ते होणारच. मला कळवतात का, ते पाहायचं."

टीव्हीवर सुईण आली होती.

"एक लक्षात आलं का, सर?" ते म्हणाले. "सकाळपासून बघतोय. बाळाचं नाव काय ठेवतील, डोळे कोणासारखे असतील, पैज कितीला लागली, सगळं झालं. ती पोरगी आत कशी आहे, हे एकानेही विचारलेलं नाही."

"तुमच्या वहीत तरी तो रकाना आहे का?" मी म्हणालो.

हे मी बोलायला नको होते. त्यांनी वहीकडे पाहिले. नवा रकाना आखायला पट्टी मागितली नाही, हातातले पेनही उघडले नाही. नुसते रकाने पाहत राहिले.

फोन वाजला. त्यांच्या हातातून पेन खाली पडले.

"बोला केदारराव." केदार हा त्यांचा जावई. तो सांगू लागला असावा. विष्णुपंतांनी त्याला मध्येच थांबवले. "ते राहू द्या. आधी मेधा कशी आहे ते सांगा... त्रास फार झाला का?... मागच्या वेळेसारखं नाही ना?... शुद्धीवर आहे?... काही खाल्लं का तिने?"

मग ते थोडा वेळ नुसते ऐकत राहिले. फोन दुसऱ्या कोणाच्या हाती गेला आहे, हे मला त्यांच्या बसण्यावरून कळले.

"हं," ते म्हणाले. "हं... दमलीस ना? बोलू नकोस आता. झोप... नाही, नाही, काही सांगू नकोस. झोप तू."

फोन बंद करून त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. मी खाली पडलेले पेन उचलून त्यांना दिले.

"किती वाजता?" मी विचारले.

"विचारलं नाही."

"वजन?"

"नाही विचारलं."

"मुलगा की मुलगी?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग फोनकडे पाहिले. "राहिलंच," ते म्हणाले.

"पुन्हा लावा."

"नको. ती आत्ता झोपत असेल. आवाजाने उठेल."

स्वाती हात पुसत धावत आली. "बाबा, फोन कोणाचा? राजवाड्यातलं झालं की आपलं?"

"आपलं."

"अहो, मग काय झालं?"

विष्णुपंत उठले. त्यांनी वही मिटून टीव्हीवर ठेवली. ती तिथे राहीना, म्हणून खुर्चीवर ठेवली. मागे तो वार्ताहर अजून बंद दारासमोर उभा होता. त्यांनी कपाटातून दोन्ही डबे काढले, दोन्हींचे दोरे सोडले आणि ते आमच्यापुढे धरले.

"आई बरी आहे," ते म्हणाले.

मला मधुमेह आहे. मी एक पेढा घेतला आणि एक बर्फी.