हरिओमच्या दारात चार गाड्या

कॉम्प्युटरला एकदा नीट समजावलं की तो जन्मभर ऐकतो, असं मी क्लासमधल्या मुलांना छातीठोकपणे सांगतो. माणसांचं तसं नसतं. माझ्या आत्याचंच बघा! मस्तगडला गोपिकाआत्या वधू-वर सूचक केंद्र चालवते. ईमेलवर मुलांचे बायोडाटे येतात. ती एकेक मेल उघडणार, बायोडाटा सेव्ह करणार, मुलीकडच्यांना पाठवणार आणि वर मलाच म्हणणार, "परमेश्वरा, मान आखडली रे!" परमेश्वर हे माझंच नाव.

"आत्या, स्क्रिप्ट लिहून देतो. म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या सूचना. मेल आला की बायोडाटा आपोआप सेव्ह, शुक्रवारी संध्याकाळी आपोआप रवाना. तू फक्त चहा प्यायचा."

"चहा बी आपोआप व्हतो का?"

मी तिकडे दुर्लक्ष केलं. स्क्रिप्ट साधीच होती. ज्यानं मेल पाठवला त्याच्या नावाचं फोल्डर, त्यात त्याचा बायोडाटा. कुणाकडून आलेला बायोडाटा कुणाच्या घरी धाडायचा, एवढंच आत्यानं तक्त्यात लिहायचं. फोनवर मुलाचं नाव-गाव सांगत बसायचीही गरज नाही, बायोडाट्यात सगळं असतंच, हेही मीच तिला पटवलं. पहिला शुक्रवार झोकात पार पडला!

रविवारी शहागडहून बेबीनंदाबाईंचा फोन आला. त्यांचा मुलगा हरिओम शेळ्या पाळतो. स्वभावानं सोनं, पण मुलीकडचं कुणी घर बघायलाही येत नव्हतं. त्या दिवशी परतूरचे आबाराव लेकीला, रेणुकाला, घेऊन यायचे होते. आत्यानं जीव तोडून जमवलेली भेट!

"गोपिकाताई, आबाराव आले," बेबीनंदाबाई रडकुंडीला आल्या होत्या. "पण त्यांच्यामागं अजून तीन गाड्या आल्या! समदेच म्हणून राह्यले, मुलगा बघायला आलो. मी पोहे एका गाडीचेच केल्ते वो!"

मी आत्याला मोटारसायकलवर घेऊन निघालो. निघण्याआधी शहागडच्या हारुनभाईला फोन करून तिथंच बोलावलं, कारण तिकडचे मेल त्याच्या ऑनलाइन सेवा केंद्रातून येतात.

अंगणात चार मुलींचे चार बाप एकमेकांकडे चोरून बघत बसले होते. "पोराला लई मागणी दिसते," एकानं दुसऱ्याच्या कानात सांगितलं. तिसरा तर शेळ्यांचे दात तपासून आला आणि म्हणाला, "आमचं आजच पक्कं करा!"

आबाराव मात्र चपला घालत होते. "गोपिकाबाई, चार घरांना एकच मुलगा दाखवता? माझी पोरगी काय लिलावात उभी करू का?"

हरिओम पाण्याचा तांब्या धरून दारात उभा होता. रेणुकाशी त्याचं थोडं बोलणं झालं होतं आणि ती त्याला आवडली होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. त्याचा चेहरा बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात हारुनभाई आला.

"काय पाठवलं होतंस, हारुनभाई?"

"चार पोरांचे चार बायोडाटे, सर. गावात मेल कोन वापरतो? समद्यांचे माझ्याच मेलवरून जातात. जुन्यावरच नवा टाईप करतो, फाईलचं नाव तेच, बायोडाटा. बिलकुल बराबर पाठवले!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाठवणारा एक, म्हणून फोल्डर एक. फाईलचं नाव एक, म्हणून प्रत्येक नव्या बायोडाट्यानं आधीचा पुसून टाकला. शेवटचा हरिओमचा. चारही घरी हरिओमच गेला, आणि शहागडच्या सगळ्या भेटी आत्यानं याच रविवारी ठेवल्या होत्या!

मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. "चूक माझी आहे. तीन गाड्या चुकून आल्या. या मुलासाठी खरे आलेत ते फक्त आबाराव."

बोलून गेल्यावर लक्षात आलं, की हरिओमला कुणी विचारत नाही हे मी त्याच्याच दारात चार गावांना सांगितलं होतं.

रेणुका पुढे आली. "म्हंजे तुमच्याकडं आम्हीच एकटे आल्तो?"

"आजवर तुम्हीच," हरिओम तांब्याकडे बघत म्हणाला.

"मंग बरं झालं. गर्दीत मला जमत न्हाई." आणि बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, चपला काढा."

लग्न ठरलं! पत्रिका हारुनभाईनंच टाईप केली, त्याच जुन्या फाईलवर, त्याच नावानं, आणि आत्याला मेल केली. स्क्रिप्ट बंद करायची मी विसरलो होतो. शुक्रवारी संध्याकाळी पत्रिका त्या तिन्ही घरी आपोआप पोचली.

तिन्ही घरं सहकुटुंब जेवायला हजर! पंगत वाढतच चालली. मी एका कोपऱ्यात चोरासारखा उभा होतो. आत्या आली आणि तिनं बुंदीचं भांडं माझ्या हातात दिलं.

"हे हातानं वाढ," ती म्हणाली. "आपोआप न्हाई."