खसऱ्यावरील टीका

घरातल्या वडीलधाऱ्यांची बैठक बसली की तिचा निर्णय लागेपर्यंत रोग दाराबाहेर ताटकळतो, असे विज्ञानाने अद्याप सिद्ध केलेले नाही. ग्वाल्हेरच्या खासगी बाजार मोहल्ल्यातील तात्यासाहेबांनी मात्र ते गृहीत धरले होते. जमिनीच्या कागदपत्रांत हयात घालवलेल्या माणसाला पुरावा मागण्याची सवय असते, देण्याची नसते.

त्यांचा नातू अभिराम नऊ महिने पूर्ण करून घरभर रांगू लागला, तेव्हा सरकारी दवाखान्यातील नर्स शिखा दारात येऊन म्हणाल्या, "माताजी, बच्चे का खसरे का टीका रह गया है."

येथे ग्वाल्हेरचे भाषिक वैभव ध्यानात घ्यावे. हिंदीत खसरा म्हणजे गोवर आणि टीका म्हणजे लस. महसुली दप्तरात खसरा म्हणजे जमिनीची नोंद. आणि मराठीत टीका म्हणजे काय, हे आमच्या मंडळींना शिकवावे लागत नाही.

"अहो," आजी इंदुताईंनी आत वर्दी दिली, "आपल्या खसऱ्यावर कुणीतरी टीका केलीय म्हणे!"

तात्यासाहेब बाहेर आले. "मॅडम, हमारा खसरा एकदम साफ है. आपत्ति हो तो लिखित में दीजिए."

"बाबूजी, सुई लगेगी."

"खसरे में सुई?"

"बच्चे में, बाबूजी!"

"बाबा, गोवराची लस हो!" सून तन्वी स्वयंपाकघरातून ओरडली आणि गैरसमज दूर झाला. नकार मात्र कायम राहिला. (गैरसमजातून दिलेला नकार, गैरसमज मिटल्यावर तत्त्व बनतो.)

त्या दिवशी बाळाला सर्दी होती. किरकोळ सर्दीत लस देता येते, असे डॉक्टर सांगतात. पण डॉक्टर आपल्या घराण्यात जन्मलेले नसतात. मग पितृपक्ष लागला. मग नवरात्र आले, आणि देव बसलेले असताना बाळाला रडवणे बरे नव्हे. विलंबाची इतकी शास्त्रशुद्ध मांडणी वैद्यकीय नियतकालिकांतही आढळत नाही.

"बाबा, मीच नेते ना, हॉस्पिटल जवळच तर पडतं," तन्वी एकदा म्हणाली.

"ने की. ताप आला तर सुट्टी तू घे."

तन्वीने पर्स खाली ठेवली.

दिवाळीनंतर जवळच्याच दौलतगंज मोहल्ल्यात गोवर आला. विषाणूला मराठीही येत नव्हती आणि हिंदीही. त्यामुळे त्याचा कोणताच गैरसमज झाला नाही.

कंपू भागातल्या रुग्णालयात ऑक्सिजन लावलेल्या अभिरामचा हात धरून तन्वी बसली होती. डॉक्टरांनी विचारले, "टीका लगा था?"

"विचाराधीन था," तात्यासाहेब पुटपुटले.

अभिराम बरा झाला. भरती होण्यापूर्वी घरचे त्याला घेऊन बाहेरच्या ज्या बाकावर बसले होते, तिथे पलीकडे कुणाची तरी पाच महिन्यांची मुलगी होती, कान दुखतो म्हणून आणलेली. तिच्या आईवडिलांनी प्रत्येक लस वेळेवर दिली होती. गोवराची देण्याइतकी ती अजून मोठी नव्हती. विषाणू माणूस उठून गेल्यावरही तासभर हवेत राहतो. ती मुलगी बरी झाली नाही.

तात्यासाहेबांविषयी आपले मत आता पक्के झाले असेल. आपण सुशिक्षित आहात, तेव्हा एक सोपा प्रश्न: आपल्या घरातल्या लहानग्याची पुढची लस कधी आहे?

असे का. मग या आठवड्यात नकोच. पाहुणे यायचे आहेत ना.