समोरचं माझं, बाजूचं तुमचं

दगडूमामा चालताना हातात सायकलची घंटी धरतात. सायकल नाही, ती केव्हाच सुटली. नुसती घंटी. दुसरबीडच्या गल्लीतून शेताकडे निघाले की अंगठ्याने ट्रिंग ट्रिंग करत जातात. म्हशीने, शेळीने, माणसाने आपणहून बाजूला व्हावं, अशी त्यांची अपेक्षा असते. एकदा विजेच्या खांबालाही त्यांनी बराच वेळ घंटी दिली. खांब हलला नाही. मामांनी पुढे होऊन हात लावला आणि म्हणाले, "सरकारी दिसते. हलत नाही." मग वळसा घालून निघून गेले.

मामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार त्यांना तरुणपणीच लागला. आधी अंधारातलं दिसेनासं झालं, मग नजरेच्या कडा मिटत आल्या. आता पपईच्या पानाच्या पोकळ देठातून पाहावं तेवढं समोरचं गोल उरलं आहे. लग्नाच्या मांडवात कुणाच्या पायावर पाय पडला तर मामा माफी मागत नाहीत. "समोरचं माझं, बाजूचं तुमचं," एवढंच म्हणतात. जणू जगाची रीतसर वाटणी झाली आहे आणि समोरच्यानेच हद्द ओलांडली आहे.

त्या छोट्या गोलावर त्यांचं घर चालतं. शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवाखाली, त्यांचा मिरचीचा बीजप्लॉट आहे. एका वाणाच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्या वाणाचा पराग तिला लावायचा, हे त्यांचं काम. कळी काय, त्या गोलात सहज मावते. "बायका इकडंतिकडं पाह्यतात, गप्पा हाणतात," मामा सांगतात. "मले बाजूचं दिसतच नाही, तं मी काय पाहू?"

संध्याकाळी मात्र ते नातीला घेऊन एक विचित्र खेळ खेळायचे. नात म्हणजे आमू, शेजारीच राहणाऱ्या माझ्या भावाची मुलगी. भावाने मामाचीच मुलगी केली आहे, त्यामुळे मी तिची आत्या आणि मामा तिचे आजोबा. दिवस मावळला की मामा दोघांच्याही डोळ्यांना दुपट्टे बांधायचे आणि दोघं घंटी वाजवत अंगणातून शेडनेटपर्यंत चालत जायचे. एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चाल. मामी ओट्यावरून ओरडायची, "सोता तं येडा हायेच, लेकराले बी येडं करून राह्यला!"

आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. बुलढाण्याच्या कॉलेजात जायला निघाले, त्या दिवशी एसटीच्या दारात माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढत होती. मामांनी त्या गर्दीत घंटी वाजवली. लोक दचकून मागे सरले आणि मला खिडकीची जागा मिळाली. पुढे शिष्यवृत्त्या मिळाल्या, चांगले शिक्षक भेटले, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. पण माझी वाट पहिल्यांदा मोकळी केली ती त्या घंटीने.

आज मी एका मोठ्या शहरात, डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आम्ही रुग्णाच्या रक्तातल्या पेशी घेतो, त्यांना पुन्हा मूळपेशींच्या कोवळ्या अवस्थेत नेतो आणि त्यांच्यापासून बशीत डोळ्याच्या पडद्याच्या पेशी वाढवतो. मग त्या का मरतात, कशाने तग धरतात, हे पाहतो. कधीतरी अशा पेशी डोळ्यात लावून नजर परत आणता येईल, या आशेवर जगभर माणसं काम करत आहेत. अजून कुणी मुक्कामाला पोचलेलं नाही.

मामांनी या कामासाठी रक्त दिलं, आणि तेव्हापासून माझी सुटका नाही. बशीतल्या पेशींना ते 'रोपं' म्हणतात.

"माह्ये रोपं कसे हायेत?"

"चांगली आहेत, मामा."

"पाणी देल्लं?"

"पाणी नाही, त्यांचं खाद्य असतं. सकाळीच बदललं."

"आज तं इतवार हाये. गेलती का तू, का खोटं सांगून राह्यली?"

सूक्ष्मदर्शकातून काढलेला एक फोटो मी त्यांना पाठवला होता. तो ते चहाच्या टपरीवर सगळ्यांना दाखवायचे. "हे पाहा, माह्ये डोळे. शहरात शिकून राह्यले. आमच्या खानदानात दोघंच शिकले. एक भाची अन् दुसरे हे." एकदा काही बशांना बुरशी लागली आणि त्या फेकून द्याव्या लागल्या. घाबरत घाबरत मी सांगितलं.  मामा म्हणाले, "गंधक मारलं नाही का?"

यंदा मात्र त्यांचा सूर बदलला. "रोप ट्रेमध्ये किती दिवस ठेवता वं? मुळ्या गुंडाळतात. लावायचं कधी?" मी प्रामाणिकपणे सांगायची, मामा, अजून वेळ आहे. "बरं," म्हणायचे आणि फोन ठेवायचे. पुढे त्यांनी रोपांची चौकशीच बंद केली. मला हायसं वाटलं. वाटायला नको होतं.

मग मामीचा फोन आला. "बाई, तुह्या मामाले आवर. डोळ्यात पेशी टोचून घ्यायले चालला. गाडी उद्या येणार हाये. कोणाचंच आयकत नाही."

 पोटाच्या चरबीतून काहीबाही काढून डोळ्यात सुया मारणारी दुकानं निघाली आहेत, हे मला ठाऊक होतं. ना चाचणी, ना परवानगी. अशा सुयांनी लोकांची उरलीसुरली नजर गेल्याचं मी वाचलं होतं. मामांचं ते एवढंसं गोल गेलं, तर मागे काहीच उरणार नव्हतं.

रात्रीच्या रेल्वेने जालन्याला उतरले आणि तिथून बस धरली. आख्ख्या रस्त्यात मामांनी फोन उचलला नाही. दुसरबीडला उतरले तेव्हा ऊन कललं होतं. घराकडे जवळजवळ पळतच गेले.

मामा ओट्यावर बसले होते. पांढरा सदरा, विंचरलेले केस, बाजूला पिशवी, पिशवीवर घंटी. नवरदेवाची गाडी यायची बाकी असावी तसा थाट.

"आली का?" ते म्हणाले. "चालीवरून वळखलं. बस. च्या घे."

"मामा, तुम्ही जाणार नाही."

"काऊन?"

"ते डॉक्टर नाहीत, दुकानदार आहेत."

"मंग तू डॉक्टर हायेस का?"

"नाही."

"हाव ना. मंग दोघं बी सारखेच. ते लावून तं देऊन राह्यले." त्यांनी खिशातून रंगीत पत्रक काढलं. देऊळगाव राजाच्या बाजारात एका माणसाने दिलं होतं. "तुमचे रोपं ट्रेमध्येच म्हातारे होऊन राह्यले."

मी समजावलं, विनवलं, शेवटी आवाज चढवला. मामी दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. मामांवर कशाचाच परिणाम होत नव्हता. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मी फाटकाकडे पाही. तीनदा ट्रॅक्टरच निघाला.

"दोन्ही डोळ्यांत टोचणार आहेत?"

"नाही. एकाच. येडा हाये का मी?" मामांनी मान वळवून मला त्यांच्या गोलात घेतलं. "नवं वाण आलं तं कोनी आख्खं वावर लावते का? आधी बांधाजवळ एक ओळ लावायची. जमली तं मंग वावर."

"म्हणजे एक डोळा ओळ, आणि दुसरा वावर?"

मामांनी पिशवी जवळ ओढली.

तेवढ्यात गाडी आलीच. पांढरी जीप फाटकापाशी थांबली आणि हॉर्न वाजला. दिवस मावळत होता. मामा उठले, पिशवी खांद्याला लावून, घंटी हातात घेऊन अंगणात उतरले. मी त्यांचा दंड धरला. घरातून आमू पाण्याची बाटली घेऊन धावत आली. "आबा, बाटली राह्यली!"

ट्रिंग.

मामांनी घंटी एकदाच वाजवली, आणि धावती पोर जागच्या जागी थांबली. तिच्या पुढ्यात ओट्याची पायरी होती. आमूने खाली पाहिलं नाही. पायाचा अंगठा पुढे करून तिने पायरीची कड चाचपली, हुबेहूब मामा चाचपतात तशी. अंगणात मला सगळं स्वच्छ दिसत होतं. तिला दिसत नव्हतं.

ट्रिंग ट्रिंग. ती उतरली, आजोबांच्या हातात बाटली दिली आणि घंटीच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

संध्याकाळचा तो खेळ खेळ नव्हता.

"मामा," मी म्हणाले. 

"वावर हे हाये, बाई," मामा हळूच म्हणाले. एका हाताने त्यांनी आमूचं डोकं आपल्याजवळ धरलं होतं. "मी ओळ. जळली तं बांधाची ओळ जळन." मग आवाज आणखी खाली आणून, मामीला ऐकू जाऊ नये असा, "तुह्या भावाची अन् माह्या पोरीची जोडी मीच लावली. प्लॉटात नर एका वाणाचा, मादी दुसऱ्या वाणाची ठेवतो. जिंदगीभर तेच केलं. अन् घरात दोन्हीकडून घरचंच बी लावलं. कोनाले सांगू?"

फाटकाशी पुन्हा हॉर्न वाजला. "चला काका, अजून दोघांना घ्यायचं आहे!"

मला कुठलंच शास्त्र आठवेना. आठवलं ते मामांच्या घरातलं गोणपाट. दर वर्षी पेरणीआधी मामा सोयाबीनचे दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि किती उगवतात ते मोजतात.

"मामा, तुम्ही ओळ लावता ती दाणे गोणपाटात पाहिल्यावर. का आधी?"

"पाह्यल्यावर."

"याचं गोणपाट कुठं आहे?" मी जीपकडे बोट केलं. "विचारा त्याला. तुमचं माझ्याकडे आहे. तुमची रोपं लावायला नाहीत ठेवलेली, मामा. ती तुमच्याऐवजी जळायला ठेवली आहेत. जे काय चुकायचं ते आधी बशीत चुकू द्या."

मामा ऐकत होते. त्यांचा अंगठा घंटीवरून फिरत होता.

"आणि एक डोळा सुईनं गेला, दुसरा आजारानं मिटला, तर हिला पायरीपाशी थांबवणार कोण? आम्हाला तर कुणाला कळलंसुद्धा नव्हतं."

हॉर्न तिसऱ्यांदा वाजला, लांबलचक. मामांनी चेहरा फाटकाकडे केला, हात वर केला आणि जीपवाल्याला घंटी दिली. एकदा नाही, दोनदा नाही, वाजवतच राहिले. खांबाला दिली होती तशी. आमूला हसू फुटलं. जीपवाला काहीतरी पुटपुटला आणि गाडी वळवून निघून गेला.

"हलला," मामा म्हणाले. "सरकारी नव्हता." आणि ओट्यावर बसले. पिशवी त्यांच्या खांद्यालाच होती. ती कुणी काढायची, हे आम्हाला सुचलं नाही.

पुढे आमूची तपासणी झाली. मामांचं खरं निघालं. दादा आणि वहिनी काही काळ कुणाशी बोलले नाहीत, मामांशी तर नाहीच. मग एका संध्याकाळी दुपट्टा बांधून वहिनीच अंगणात उतरली, म्हणे मलाही शिकवा.

आमूनेही रक्त दिलं. तिच्या पेशी आता बशीत वाढताहेत. मामांचे फोन पुन्हा सुरू झाले आहेत.

"माह्ये रोपं?"

"चांगली आहेत."

"अन् तिचे?"

"तीही. अजून लहान आहेत. उबदार कपाटात ठेवली आहेत."

"त्या कपाटात दिवा राह्यते का?"

"नाही मामा. दार लावलं की आत अंधारच असतो."

 

"मंग तिचे माह्याजवळ ठेव," मामा म्हणाले. "अंधारात पोरगी घाबरते."