मूर्तिजापूरचे दीपगृह

समुद्र नसलेल्या मुलखात समुद्राचा खर्च येत नाही, अशी एक अडाणी समजूत आहे. अकोल्याच्या शुभलाभ गाडामंडळीने ती सन १८६५ च्या वैशाखात कायमची दूर केली, आणि त्याबद्दल वऱ्हाडाने तिचे उपकार मानायला हवेत.

ही मंडळी अकोल्याहून अमरावतीला बैलगाड्यांतून माल पोचवी. तिचे चालक काटकसरी होते. मुंबईची एक आगबोट कंपनी बुडाली तेव्हा तिचे दोन हजार छापील पावतीकागद त्यांनी रद्दीच्या भावात उचलले. कागद अगदी करकरीत होते. त्यांवरचे रकाने तेवढे जहाजाचे होते.

अमरावतीचे कापसाचे व्यापारी खुशालराव यांनी अकोल्याच्या लिलावात गाठी बांधायचे एक लोखंडी दाबयंत्र घेतले. घरी त्यांची चाळीस खंडी रुई सुटी पडली होती, आणि मुंबईचा खरेदीदार बांधलेल्या गाठीच घेणार होता, त्याही गाठी तयार होतील त्या दिवसाच्या भावाने. अमेरिकेतली लढाई संपल्याची, म्हणजे तिकडचा कापूस पुन्हा येणार अशी, बातमी येऊन भाव घसरू लागला होता. तेव्हा यंत्र झटपट घरी नेणे, एवढेच काय ते खुशालरावांना करायचे होते. (त्या दिवशीचा भाव : खंडीला सहाशे रुपये.)

लिलावाचा माल शुभलाभच्याच गाडीतून हलवायचा, असा नियम होता. पुण्याहून नुकतेच आलेले कारकून वामनराव यांनी पावती भरायला घेतली. धक्कापट्टी : ज्या निंबाच्या पारापाशी गाड्या भरत, तो पार हा धक्का. नांगरपट्टी : मुक्कामाला बैल खुंट्याला बांधावे लागतात. भरती-ओहोटीची थांबणावळ : बैल रवंथ करत बसला की गाडी पुढे जात नाही, हे शत्रूही कबूल करील. चाच्यांपासून संरक्षण, तीन रुपये. (चाचे नव्हते, पण दरोडेखोर होते, आणि त्यांना वेगळा रकाना नव्हता.) खुशालरावांनी एकूण बावीस रुपये मुकाट्याने मोजले. उरली दीपगृहपट्टी, आठ आणे. तिथे हत्ती गेला आणि शेपूट अडकले.

"अकोल्यापासून अमरावतीपावतर दीपगृह कुठी हाय, ते दाखवा मले," खुशालराव म्हणाले.

"रकाना आहे," वामनराव म्हणाले. "रकाना रिकामा राहिला की पावती अपुरी. अपुऱ्या पावतीवर माल हलत नाही."

"मंग मी नाई देत."

गाडीवान अब्दुल गफ्फार यंत्र चढवून तयार होता. "सेठ, आठ आने देऊन टाका न," तो म्हणाला. "मी आत्ता जुंपतो. परवा तुमच्या दारात."

परंतु खुशालराव तत्त्वाचे माणूस होते, आणि हे त्यांना त्याच दिवशी कळले होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी लेखी तक्रार दिली. तक्रारीचा कागदही त्याच आगबोटीचा असल्यामुळे त्यावर कप्तानाची सही लागली. तेव्हा अब्दुल गफ्फारला कप्तान नेमण्यात आले, आणि त्याने अंगठा उठवला. (भाव : पाचशे चाळीस.) पाचव्या दिवशी बाजारातले तीन पंच प्रत्यक्ष पाहणीसाठी मूर्तिजापूरला रवाना झाले. (चारशे नव्वद.) परत येऊन त्यांनी निवाडा दिला. एका दर्ग्यापाशी दिवा आढळला, असे पहिले पंच म्हणाले. दिवा आहे पण गृह नाही, असे दुसरे म्हणाले. तिसरे पंच वाटेत झोपले होते; त्यांनी दोघांनाही पाठिंबा दिला. नवव्या दिवशी मंडळीने मोठ्या मनाने मूर्तिजापूरच्या वेशीवरच्या बाभळीला एक कंदील टांगला. आपली गाडी तिथून दिवसा जाणार, तेव्हा कंदील लागू होत नाही, असा बिनतोड मुद्दा खुशालरावांनी मांडला. सारा अकोला बाजार वाहवा म्हणाला. ते आठवडाभर बायकोला एक निरोप पाठवायला विसरले होते, इतके ते खुशीत होते. (चारशे.)

बाराव्या दिवशी त्यांच्या पत्नी माणिकबाई स्वतः दमणी जुंपून अकोल्यात आल्या. उन्हाने त्यांचा चेहरा रापला होता. त्यांनी पदराच्या गाठीतून आठ आणे काढून वामनरावांच्या पुढ्यात ठेवले.

"उचल ते," खुशालराव म्हणाले. "पैशाचा सवाल नाई हा."

"मले माहीत हाय, पैशाचा नाई," माणिकबाई म्हणाल्या. "तुमी काहून भांडून राहिले, ते तुमाले तरी आठवते काय? घरी रुई हाय. मी रोज दार उघडून पाहतो अन् लावून घेतो."

खुशालरावांना क्षणभर काहीतरी आठवल्यासारखे झाले. पण तेवढ्यात वामनरावांनी आठ आण्यांची पावती फाडायला घेतली आणि खुशालरावांनी झडप घालून ती अडवली. माणिकबाई आल्या वाटेने परत गेल्या. (तीनशे दहा.)

सतराव्या दिवशी पंचांनी दिवसाचा मुद्दा मान्य केला आणि शुभलाभ मंडळी हरली. दीपगृहपट्टी रद्द झाली. वऱ्हाडच्या इतिहासात एखादा रकाना रिकामा राहण्याचा हा पहिलाच प्रसंग. अमरावतीच्या वेशीवर लोकांनी ताशे वाजवून यंत्राचे स्वागत केले, खुशालरावांना हार घातले. यंत्र तर असे चालले की चाळीस खंडीच्या गाठी बघता बघता बांधून झाल्या. (एकशे ऐंशी.)

वाचकांना खुशालरावांचे हसू आले असेल, तर ते साहजिक आहे. आम्ही भाव टप्प्याटप्प्याने सांगत आलो, कंसात का होईना, पण लपवला नाही. आता खरे सांगा. कंदील कुठल्या झाडाला टांगला, ते तुम्हाला आठवते आहे. पंच मूर्तिजापूरला निघाले त्या दिवशी भाव काय होता? मागे जाऊन बघू नका. खुशालरावांना तशी सोय नव्हती.