सपाट प्रदेशातील चढाऊ वाहन: एक मूल्यमापन

डोंगर जितका दूर, तितकी डोंगर चढणाऱ्या गाडीची निकड अधिक. ओहायोच्या ज्या भागात मक्याच्या शेतापलीकडे पुन्हा मकाच दिसतो, तिथे हा नियम कोणाला समजावून सांगावा लागत नाही. वेंडेल क्राउझ यांच्या वस्तीतली सर्वांत अवघड चढण म्हणजे सुपरमार्केटच्या पार्किंगमधला गतिरोधक. तोही ते अकरा वर्षं घरच्या व्हॅनमधून विनातक्रार पार करत आले होते. (व्हॅनचा रंग: बिस्किटी.)

तर वेंडेल यांना चार दारांची, खडकांवरून चालणारी दणकट जीप हवी होती. त्यांच्या पत्नी लॉर्नाबाई जिल्ह्याच्या बांधकाम परवाना कार्यालयात असल्यामुळे त्या घरात कोणतीही इच्छा अर्जाशिवाय पुढे सरकत नसे. लॉर्नाबाईंनी अर्ज तयार केला. लॉर्नाबाईंचा भाऊ ड्वेन आठवडाभर मासे पकडायला गेला होता. त्याची जीप सात दिवस रोजच्या कामाला वापरायची, सात कसोट्या लावायच्या, प्रत्येकी दहा गुण. पस्तीसच्या खाली गेल्यास आयुष्यभर व्हॅन, आणि विषय पुन्हा जेवणाच्या टेबलावर काढायचा नाही. वेंडेल यांनी सही केली. सत्तेचाळिसाव्या वर्षी 'आयुष्यभर' या शब्दाखाली सही करताना माणूस तो शब्द दोनदा वाचतोच.

कसोटी पहिली, संभाषण. हमरस्त्यावर जीपमध्ये वारा असा घोंघावतो की नवरा-बायकोत मतभेद उरत नाहीत.

"वळण गेलं!" लॉर्नाबाई ओरडल्या.

"माझंही तुझ्यावर!" वेंडेल ओरडले.

गुण दोन. (पैकी एक भावनेला.)

कसोटी दुसरी, किराणा. बारा अंड्यांपैकी चार घरी पोचली. गाडी खडकांसाठी बांधलेली होती, अंडी नव्हती. गुण एक. पेट्रोल, पार्किंग आणि मागे बसणाऱ्याचे गुडघे या तीन कसोट्यांत मिळून सात. शनिवारी वेंडेल यांनी छप्पर उतरवण्याची कसोटी हाती घेतली. उतरवायला वीस मिनिटं लागली. परत चढवायला तीन तास लागले आणि ते चढलं नाही. मात्र आठ बोल्ट काढले असता नऊ शिल्लक राहिले, ही प्रगतीच. गुण शून्य.

इथे एक गोष्ट नोंदवणं भाग आहे. सोमवारी समोरून आलेल्या जीपवाल्यानं स्टिअरिंगवरून हात उचलून वेंडेल यांना अभिवादन केलं होतं. वेंडेल यांनी मागे वळून पाहिलं. मागे मका होता. या गाड्यांचा रिवाजच तो: समोरून भाऊबंद आला की हात वर करायचा. शिवाय उभ्या जीपवर अनोळखी माणूस रबराचं बदक ठेवून जातो. का, ते विचारायचं नसतं. वेंडेल अर्जाच्या समासात हात मोजू लागले. शनिवारपर्यंत बेचाळीस झाले. (व्हॅनमध्ये, अकरा वर्षांत: एक. तोही पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडं राहिलं होतं म्हणून.)

"हा रकाना अर्जात नाही," लॉर्नाबाई म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मग लिहितोस कशाला?"

वेंडेल यांनी पेन्सिल खिशात टाकली. त्यांना ते हात फार आवडले होते, आणि हे बोलून दाखवायची त्यांना लाज वाटत होती.

रविवारी शेवटची कसोटी: सासूबाई बर्निस, वय एकोणऐंशी, उजवा गुडघा निवृत्त. त्यांना चर्चला न्यायचं होतं. स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं गेलं.

"अरे, ढकल की!"

"कुठे ढकलू, मॉम?"

"हात पुरेल तिथे ढकल! लाजेचं चर्चमध्ये बघू."

चढायला अकरा मिनिटं लागली, स्टूल चर्चमध्येच राहिलं आणि परतताना पाऊस आला. छप्पर घरी होतं. गुण एक. एकूण सत्तरपैकी अकरा. लॉर्नाबाईंनी निर्णयासाठी पेन उचललं. वेंडेल भिजल्या शर्टानं खिडकीतून बिस्किटी व्हॅनकडे बघत राहिले.

तेवढ्यात बर्निसबाई निथळत आत आल्या. शनिवारी पार्लरमध्ये बसवून घेतलेले केस कपाळाला चिकटलेले, हातात पिवळं बदक.

"एकोणीस जणांनी हात केला मला! एकोणीस! त्यातला एक तर दिसायलाही बरा होता."

"आई, ते हात गाडीला करतात. तुला नाही."

"असू दे गं. तुझा बाप गेल्यापासून माझ्या गाडीलासुद्धा कोणी केला नव्हता."

लॉर्नाबाईंनी अर्ज पुन्हा पुढे ओढला. मग त्यांनी पट्टीनं आठवा रकाना आखला, 'हात' असं लिहिलं आणि पुढे एकसष्ट मांडले. कमाल गुण दहा, ही मर्यादा घालायला त्या विसरल्या. (अठरा वर्षांच्या नोकरीतली पहिली चूक.) एकूण सत्तरपैकी बहात्तर.

जीप आली. डोंगर अजून यायचा आहे.

आपण हसला असाल, वाचकहो, तर आनंद आहे. आता खाली उभी असलेली आपली गाडी एकदा बघून यावी, आणि गेल्या वर्षभरात वाटेत आपल्याला किती जणांनी हात केला ते प्रामाणिकपणे मोजावं. लिफ्ट मागणारे धरू नयेत. झाकण उघडं असल्याचं सांगणारे धरायला हरकत नाही.