फुटकं दूध

डबा लपवायचा, एवढंच लवंगीनं ठरवलं होतं. (लवंगी हे तिचं सासरचं नाव. फक्त पाठीमागे घ्यायचं. समोर सगळे 'सूनबाई' म्हणत आणि दोन पावलं मागे सरत.)

डबा तिच्या लेकीच्या दुधाचा होता. तिचं स्वतःचं दूध आटलं आणि साधं दूध सुरू झालं, तसे चिमीच्या अंगावर लाल चट्टे उठायला लागले, पोट फुगायला लागलं आणि ती रडून घर डोक्यावर घ्यायला लागली. सासूबाई म्हणाल्या, दात येत असतील. सासरे म्हणाले, गॅस असेल. नवरा म्हणाला, होईल बरं. शेवटी लवंगीनं लेकीला उचललं आणि थेट मुलांच्या डॉक्टरबाई गाठल्या. दुधातली प्रथिनं हिला सोसत नाहीत, त्या म्हणाल्या. तीच प्रथिनं आधीच फोडून बारीक केलेली पावडर मिळते, ती द्या, आणि साध्या दुधाचा थेंबही नको. काही दिवसांत चट्टे गेले. चिमी हसली. त्या डब्याला मिठी मारावी, असं लवंगीला वाटलं.

मिठी मारणं अवघड होतं, कारण डब्याला वास यायचा. ओले मोजे बटाट्यांबरोबर उकडले तर येईल, तसा. सासूबाईंनी 'फोडलेलं' हा शब्द ऐकला, तो वास घेतला आणि दुधाला नाव ठेवलं: फुटकं दूध. मग आल्यागेल्याला झाकण उघडून हुंगायला द्यायचा त्यांना नादच लागला. "आमच्या वेळी मुलं कुठलंही दूध प्यायची," हे वर. शेजारीण तर चमचाभर चाखूनही गेली.

म्हणून लवंगीनं पावडर एका बरणीत ओतली आणि बरणी वरच्या फळीवर पार मागे ढकलली. सासूबाईंचा हात तिथं पोचत नाही, असा तिचा पक्का हिशेब. (सासरे सहा फूट उंच आहेत, हे हिशेबात नव्हतं. पावडर दुसऱ्या भांड्यात काढू नये असं डब्यावर छापलेलं असतं, हेही नव्हतं. ते वाचायचं काम नवऱ्याकडे होतं.)

शिवाय खबरदारी म्हणून साधं दूध तिनं घरातूनच हद्दपार केलं. मोठ्यांनी सोयाचं दूध प्यायचं, असा हुकूम निघाला. सासऱ्यांनी कुरकुर केली, पण तिला रोज सकाळी कॉफी करून द्यायचं काही सोडलं नाही. कॉफी भयंकर व्हायची. पण त्या घरात न मागता तिच्या हातात येणारी ती एकच गोष्ट होती. त्यामुळे कुणाचं काही ऐकून न घेणारी लवंगी तो कप मात्र चकार शब्द न काढता संपवायची. सोयाचं दूध असंच लागत असेल, असं तिनं मनाशी ठरवलं. दिवसभर त्या डब्याच्या वासात राहून नाक तर केव्हाच मेलं होतं.

आणि बरणीतली पावडर उतरायला लागली. चिमीच्या पोटाला शक्य नाही इतक्या वेगानं.

लवंगीचा संशय सरळ सासूबाईंवर. स्टुलावर चढत असणार, पावडर सिंकमध्ये ओतत असणार आणि चिमीला गुपचूप साधं दूध पाजत असणार. त्यात एकदा त्या फोनवर कुजबुजताना सापडल्या. "सुनेला कळता कामा नये हं," त्या म्हणत होत्या. लवंगीला पुढचं दिसायला लागलं. पुन्हा ते चट्टे, पुन्हा ते रडणं.

शनिवारी दुपारी बरणीचा तळ दिसला. चिमी भुकेनं मुठी चोखत होती. लवंगीनं औषधांच्या दुकानात फोन लावून पावडरचं लांबलचक नाव सांगितलं.

दुकानदार म्हणाला, "म्हणजे फुटकं दूध ना? शेवटचा डबा तुमच्या सासूबाईच घेऊन गेल्या. आता सोमवारी येईल. अरेच्चा, हे तुम्हाला सांगायचं नव्हतं वाटतं."

लवंगीनं फोन आपटला आणि स्वयंपाकघरात कोर्ट भरवलं. नवरा फ्रिजला टेकून उभा राहिला, म्हणजे कुणाच्याच बाजूला नको.

"आई, पावडर कुठं जाते?"

"मला काय विचारतेस? तू बरणी चढवलीस तिथं माझी नजरसुद्धा पोचत नाही."

"आणि दुकानातून आणलेला डबा?"

सासूबाई आत गेल्या आणि कपाटातल्या चादरींमागून सीलबंद डबा काढून आणला.

"एखाद्या दिवशी दुकानात मिळालं नाही तर पोरीनं काय करायचं, म्हणून ठेवला होता. तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, तुमचा विश्वास नाही ना, मग मध्ये पडू नका. अगं, चट्टे काय तुलाच दिसत होते? पाणी उकळून ठेवलंय. कर लवकर."

चिमीनं बाटली गटागटा संपवली, ढेकर दिला आणि आजीकडे बघून हसली. आभार मानायची लवंगीला सासरी सवय नव्हती. शेवटी तिनं सासूबाईंसाठी खुर्ची ओढली आणि "आई, बसा ना," एवढंच म्हणाली. सासूबाई बसल्या. त्यांनाही ते पुरलं असावं.

"पण मग बरणी संपवली कुणी?" नवऱ्यानं विचारलं. त्याला मुद्द्याचं नेहमी नको तेव्हा सुचतं.

सासरे खाकरले. वरच्या फळीवरची ना, त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं होतं, घरात दूध बंद करून बिचारीनं आपल्या कॉफीपुरती साधी दुधाची पावडर चोरून ठेवलीय. वास आला होता, पण हल्ली घरात सगळ्यालाच तो वास यायचा. बोभाटा कशाला करायचा, म्हणून ते मुकाट्यानं तिच्याच कपात घालत होते.

"चांगली भरपूर घालायचो," ते म्हणाले. "दमते पोर."

सासूबाईंनी सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तरीच. हल्ली मायलेकींचे गाल बरोबरीनं वर आलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी सोयाच्या दुधाची कॉफी आणून दिली. लवंगीनं एक घोट घेतला, थांबली, आणखी एक घेतला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आज काहीतरी कमी वाटतंय."

सासूबाई उठल्या, डबा चादरींमागे ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.